विस्तव राखण्याची विद्या

यंत्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा यंत्राच्या जन्मकथेपाशीं थांबतात. अमक्या वर्षीं अमक्या गृहस्थानें अमुक शोध लावला, त्याला त्याबद्दल सनद मिळाली, एवढें सांगितलें कीं त्यांचें समाधान होतें. यंत्र जन्मास आल्यावर तें रोज सकाळीं कोणी उठवावयाचें, ही हकीकत या ग्रंथांत क्वचितच सांपडते. आपल्या देशांत हा प्रश्न सहसा पडत नाहीं हें खरें. पुण्यास पौषांत दोन रात्री गार गेल्या म्हणजे आपण त्यांची वार्ता आठवडाभर करतों. पण तेवढ्यानें कोणाची मालमोटार अडून राहत नाहीं. उलट पृथ्वीच्या पाठीवर असे विस्तीर्ण प्रदेश आहेत कीं, जेथें जानेवारीच्या रात्रीं पारा शून्याखालीं तीस-चाळीस अंश उतरतो. मैलोगणती वस्ती नसलेल्या अशा ठिकाणीं इंजिन सकाळीं सुरू होतें कीं नाहीं यावर माणसाचें जगणें अवलंबून राहतें.

आगपेटी स्वस्त होण्यापूर्वीं आपल्या घरोघरीं रात्रीं चूल निजवितांना एखादा जाडसा निखारा राखेखालीं पुरून ठेवण्याची रीत होती. सकाळीं राख बाजूस सारली आणि फुंकणीनें दोन फुंका घातल्या कीं चूल पेटे. निखारा विझला तर शेजारीं विस्तव मागण्यास जावें लागे; आणि ज्या घरची सून रोज विस्तव मागावयास येई तिच्याविषयीं आळींत काय बोललें जाई तें सांगावयास नको. शीतप्रदेशांतल्या डीझेल मालमोटारीच्या इंजिनांत जी विजेची लहानशी शेगडी बसवितात, आणि जिला तिकडे ब्लॉक हीटर म्हणतात, ती म्हणजे हा राखेंतला निखाराच होय. तिचा इतिहास लहानसाच आहे. परंतु यंत्रांच्या मोठ्या इतिहासांत ज्यांचा उल्लेख येत नाहीं अशा पुष्कळ माणसांच्या मोडलेल्या झोपा त्यांत आहेत, म्हणून तो सांगण्यासारखा वाटतो.

प्रथम अडचण काय असते तें पाहूं. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी पाडून वाफारा पेटवितात. डीझेलच्या इंजिनांत ठिणगीची योजनाच नाहीं. तेथें नळकांड्यांत नुसती हवा घेतात, दट्ट्यानें ती सोळापासून वीसपट दाबतात, आणि त्या दाबानेंच ती पांचशें अंशांपलीकडे तापली म्हणजे तींत तेलाचा बारीक फवारा सोडतात. तेल आपोआप पेट घेतें. पेट्रोलचें इंजिन चकमकीच्या जातीचें मानलें, तर हें अरणीच्या जातीचें म्हणावें लागेल. अरणी ओली असली कीं ऋत्विजांची जी दशा होते तीच थंडींत डीझेल इंजिनाची होते. दाबलेल्या हवेची उष्णता भोंवतालचें गारठलेलें लोखंड क्षणार्धांत पिऊन टाकतें. वंगणाचें तेल, थंडींत बाटलींतलें खोबरेल आळतें तसें, दाट होतें. त्यांतून दट्टे ओढण्यास अधिक जोर हवा. पण हा जोर ज्या विजेच्या बॅटरींतून यावयाचा ती शून्याखालीं अठरा अंशांवर आपलें अर्धेंअधिक बळ गमावून बसते. जोर कमी म्हणून इंजिन हळू फिरतें; हळू फिरतें म्हणून हवा कडेनें निसटते आणि पुरेशी तापत नाहीं. अशा रीतीनें प्रत्येक उणीव दुसरीस हात देते. आपल्याकडे विहिरीवरच्या डीझेल इंजिनाचें हँडल ज्यानें मारलें असेल त्यास याची थोडी कल्पना येईल. १९४६ सालीं पुण्यास किर्लोस्कर ऑईल इंजिन्स हा कारखाना निघाल्यापासून तें इंजिन महाराष्ट्रांतील बागाइतांत घरचेंच झालें. त्यावरची एक कळ उचलून प्रथम दाब सोडून द्यावयाचा, हँडलानें जड चाकास वेग आणावयाचा, आणि मग एकदम कळ पाडावयाची, ही युक्ति याच अडचणीवरचा उतारा आहे. उणे तीस अंशांवर मात्र माणसाच्या दंडाचा इलाज चालत नाहीं.

या इंजिनाचा जनक रुडोल्फ डीझेल याच्या चरित्रांत एक मौजेची गोष्ट आहे. १८५८ सालीं पॅरिसमध्यें जन्मलेला हा जर्मन तरुण म्यूनिक येथें कार्ल फॉन लिंडे यांचा विद्यार्थी होता, आणि लिंडे हे थंडी निर्माण करण्याच्या शास्त्राचे, म्हणजे शीतयंत्रांचे, आचार्य. शिक्षण संपल्यावर डीझेलनें सुमारें दहा वर्षें लिंडे यांच्या बर्फ तयार करण्याच्या यंत्रांच्याच धंद्यांत काढलीं. दाबल्यानें वायु तापतो आणि पसरल्यानें थंड होतो, या एकाच नियमाच्या दोन बाजू. गुरूनें त्यांतून बर्फ काढलें, शिष्यानें अग्नि काढला. १८९३ सालीं त्याला सनद मिळाली, आणि १८९७ च्या फेब्रुवारींत आउग्सबुर्ग येथें प्रोफेसर श्रोएटर यांनीं घेतलेल्या परीक्षेंत त्याच्या इंजिनानें तेलांतील उष्णतेपैकीं शेंकडा २६ हून अधिक भाग कामास लावून दाखविला. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना याच्या निम्म्यानेंहि हें साधत नसे. पुढें १९१३ च्या सप्टेंबरांत इंग्लंडकडे जाणाऱ्या बोटीवरून डीझेल रात्रींतून नाहींसा झाला व समुद्रांत त्याचें प्रेत सांपडलें. ती निराळी आणि दुःखाची कथा आहे.

आपल्या इंजिनास पेटविण्याकरितां बाहेरच्या ज्योतीची गरज नाहीं, याचा डीझेलला अभिमान होता. हिवाळ्यानें हा अभिमान फार दिवस टिकूं दिला नाहीं. त्याच्याच काळांत इंग्लंडमध्यें हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट यानें तेलाचें दुसऱ्या तऱ्हेचें इंजिन काढलें होतें. त्यांत नळकांड्याच्या टोंकास एक लोखंडी गोळा असे, आणि सुरुवातीस तो बाहेरून दिव्याच्या ज्योतीनें तापवावा लागे. जर्मनींत १९२१ पासून निघालेला लांझ बुलडॉग हा शेतीचा ट्रॅक्टर याच जातीचा. त्याचा धनी सकाळीं प्रथम कल्हईवाल्याच्या दिव्यासारखा फुसफुसणारा दिवा ट्रॅक्टरच्या नाकाखालीं धरून बसे. खरें डीझेल इंजिन मालमोटारीवर चढलें तें १९२३-२४ च्या सुमारास, बेंझ आणि एम. ए. एन. या जर्मन कारखान्यांत; आणि १९२७ पासून बॉश यांचे तेल सोडण्याचे पंप मिळूं लागल्यावर त्याचा प्रसार वाढला. त्याबरोबरच नळकांड्यांत विजेनें लाल होणारी लहानशी कांडीहि आली. तिनें हवेस ऊब मिळे, पण दाट झालेल्या वंगणावर आणि कुडकुडणाऱ्या बॅटरीवर तिचा कांहीं उपाय नव्हता.

या अवधींत उत्तरेकडील लोकांनीं आपापले घरगुती तोडगे शोधून काढले होते, आणि ते फार शिकण्यासारखे आहेत. अलास्कांतील वैमानिकांची रीत अशी कीं, संध्याकाळीं विमान उतरलें कीं इंजिन गरम असतांनाच त्यांतलें सर्व वंगण डब्यांत काढून घ्यावयाचें, आणि तो डबा झोंपडींत शेगडीजवळ ठेवून मगच जेवावयास बसावयाचें. सकाळीं विमानाच्या नाकावर जाड कापडाची खोळ घालून तिच्याखालीं तासभर शेगडी धरावयाची, इंजिनास हात लावून पाहावयाचा, आणि मग तापविलेलें तेल ओतावयाचें. खोळ पेटली तर विमान गेलें. म्हणून शेगडीजवळ कोणीतरी बसून राहिलेंच पाहिजे. १९२४ च्या फेब्रुवारींत फेअरबँक्सहून मॅक्ग्राथला पहिली विमानटपाल नेणारा कार्ल बेन आयल्सन याच काळांतला. तो मूळचा नॉर्थ डाकोटा प्रांतांतील हॅटन या खेड्याचा. तें गांव ज्या शहरापासून जवळ आहे त्या ग्रँड फॉर्क्सकडे आपणांस पुढें यावयाचें आहे.

घरगुती तोडगा आणि शास्त्रीय तरतूद यांतील अंतर किती असतें, हें १९४१ च्या हिवाळ्यांत रशियांत दिसून आलें. जर्मन फौजांचा मॉस्कोपुढें झालेला मोड सांगतांना पुष्कळ लेखक ‘सेनापति हिवाळा’ याचें नांव पुढें करतात. १८१२ सालच्या नेपोलियनच्या स्वारीपासून हा शब्दप्रयोग रुळला आहे. मला स्वतःला हें स्पष्टीकरण पळवाटेसारखें वाटतें. बर्फ दोन्ही सैन्यांवर सारखेंच पडत होतें. नेपोलियनच्या घोड्यांना बर्फावर टिकणारे नाल मारलेले नव्हते, ही थंडीची चूक नव्हती, तयारीची होती. १९४१ सालीं घोड्यांच्या जोडीस यंत्रेंहि आलीं, पण चूक तीच राहिली. लढाई हिवाळ्यापूर्वींच संपावयाची असा सिद्धांत एकदां ठरल्यावर हिवाळ्याची सामग्री पुढें पाठविण्याची निकड कोणास वाटणार? जनरल गुडेरियान यानें आपल्या आठवणींत लिहून ठेवलें आहे कीं, रणगाडे सुरू करण्यापूर्वीं त्यांच्याखालीं आगट्या पेटवाव्या लागत, वंगण दाट होऊन बसे, आणि इंजिनांतलें पाणी गोठूं नये म्हणून त्यांत मिसळावयाचें द्रव्य पुरेसें मिळतच नव्हतें. जेथें आगटी करतां येत नसे तेथें इंजिनें रात्रींतून थोड्या थोड्या वेळानें चालवून ऊबदार ठेवावीं लागत. आणि जें तेल मॉस्कोच्या वाटेवर खर्चावयाचें तें जागच्या जागीं जळून जाई.

रशियनांची थंडी कांहीं वेगळी नव्हती. त्यांचे ड्रायव्हरहि संध्याकाळीं पाणी आणि वंगण काढून घेत व सकाळीं तापवून परत ओतीत. पण त्यांच्या टी-३४ रणगाड्यांत एक तरतूद मुळांतच केलेली होती. त्याचें बारा नळकांड्यांचें डीझेल इंजिन विजेनें सुरू होई. बॅटरीनें हात टेकले तर ड्रायव्हरच्या पुढें दाबलेल्या हवेच्या दोन टाक्या बसविलेल्या असत, त्यांची हवा सोडून इंजिन फिरवितां येई. हवेला गोठण्याची भीति नाहीं. जर्मनांनींहि पुढें शहाणपण शिकून घेतलें: एका रणगाड्याचें इंजिन कसेंबसें सुरू करावयाचें, आणि त्याचें तापलेलें पाणी नळीनें शेजारच्या रणगाड्यांत फिरवून त्यास जागें करावयाचें, अशी योजना त्यांनीं १९४२ नंतर अंगीकारली. शेजारणीकडून विस्तव मागून आणण्याचाच हा प्रकार.

त्याच १९४२ सालीं अमेरिकेच्या लष्करानें कॅनडांतून अलास्काकडे जाणारा दोन हजारांहून अधिक किलोमीटरांचा रस्ता मार्चपासून नोव्हेंबरपर्यंतच्या अवधींत तयार केला. काम करणाऱ्या सैनिकांपैकीं सुमारें एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते, आणि त्यांतील पुष्कळांनीं बर्फ हें पूर्वीं पाहिलेंहि नव्हतें. या रस्त्यावर एक साधा नियम पडला: थंडी पडली कीं इंजिन बंदच करावयाचें नाहीं. बंद केलें तर तें पुन्हां सुरू होईल याचा भरंवसा नाहीं. अग्निहोत्र्याच्या घरचा अग्नि जसा रात्रंदिवस विझूं द्यावयाचा नसतो, तशीं हीं इंजिनें अष्टौप्रहर गुरगुरत राहत. अमेरिकेंतील रेल्वेच्या डीझेल इंजिनांत तर गोठण्याविरुद्धचें द्रव्य घालण्याची वहिवाटच नसल्यामुळें तीं हिवाळ्यांत यार्डांत तासन्‌तास नुसतींच चालू ठेवण्याची पद्धत पडली. अग्निहोत्र हें पुण्यकारक असेल, पण तें महाग पडतें. मोठ्या मालमोटारीचें इंजिन जागेवर चालत राहिलें तर तासास सुमारें तीन लिटर तेल पितें; दहा तासांच्या रात्रींत तीस लिटर. शिवाय मंद चालींत तेल पुरतें जळत नाहीं, काजळी धरते, आणि वंगण बिघडतें तें निराळेंच.

आतां ग्रँड फॉर्क्सकडे वळूं. अमेरिकेच्या उत्तर सीमेलगतचा नॉर्थ डाकोटा हा सपाट, झाडें थोडीं असलेला गव्हाचा मुलूख. वारा अडविण्यास मध्यें कांहीं नाहीं, आणि जानेवारींत रात्रीचा पारा उणे वीसच्या आसपास रेंगाळणें ही तेथील रोजची गोष्ट. येथें अँड्र्यू फ्रीमन नांवाचा एक विद्युत्‌-अभियंता राहत असे. स्वतःची मोटार थंडींत सुरू होईना, म्हणून त्यानें तांब्याच्या नळीचा तुकडा आणि जुन्या विजेच्या इस्त्रींतली तार घेऊन एक तापक बनविला, असें सांगतात. त्याची युक्ति फार सोपी होती. इंजिनाचें झाकण ठोकळ्यावर घट्ट बसविण्यासाठीं जे मोठे बोल्ट असतात त्यांपैकीं एक काढावयाचा, आणि त्याच्या जागीं तसाच पण पोकळ बोल्ट बसवून त्या पोकळींत विजेची तार घालावयाची. बाहेरून कांहीं दिसावयाचें नाहीं. ऊब थेट लोखंडाच्या गाभ्यांत जावयाची. या बोल्टाबद्दल फ्रीमनला ८ नोव्हेंबर १९४९ रोजीं सनद मिळाली, आणि थंड मुलखांत त्याचा खप झपाट्यानें वाढला.

फ्रीमनविषयीं एवढेंच सांगून थांबणें म्हणजे लेखाच्या आरंभीं ज्या इतिहासकारांस मीं नांवें ठेवलीं त्यांच्याच पंक्तीस जाऊन बसणें होईल. त्याचा खरा व्यवसाय बोल्ट करण्याचा नव्हता. १९४० पासून चार दशकें तो मिनकोटा या वीज-सहकारी संस्थेचा व्यवस्थापक होता. ही संस्था आसपासच्या ग्रामीण सहकारी मंडळांना वीज पुरवी. १९३५ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं ग्रामीण विद्युतीकरणाचें खातें काढलें तेव्हां अमेरिकेंत दहा शेतकऱ्यांपैकीं एखाद्याच्याच घरीं वीज होती. खाजगी कंपन्यांना विरळ वस्तींत खांब पुरणें परवडत नव्हतें. मग शेतकऱ्यांनीं सरकारी कर्ज घेऊन आपलीं सहकारी मंडळें काढलीं आणि खांब पुरले. पोकळ बोल्टाची कल्पना दहा वर्षें आधींहि कोणास सुचूं शकली असती. पण ज्या गोठ्याशेजारीं तारच नाहीं तेथें ती सुचून काय उपयोग? शेगडीजवळ जागत बसणाऱ्या माणसास झोंप मिळाली ती या खांबांमुळें. सनदेवर अर्थातच त्यांचा उल्लेख नाहीं.

पुढें डीझेल मालमोटारींचा काळ आला तेव्हां बोल्टाहून सोयीची जागा सांपडली. इंजिनाचा ठोकळा ओतीव असतो. तो ओततांना आंतील पाण्याच्या वाटा पोकळ राहाव्या म्हणून सांच्यांत वाळूचे गाभे ठेवतात, आणि ती वाळू काढून घेण्यासाठीं ठोकळ्याच्या अंगास गोल भोंकें राहतात. तीं मागाहून धातूच्या टोपणांनीं बुजवितात. पाणी गोठून फुगलें तर हीं टोपणें उडून ठोकळा वांचावा म्हणून तीं ठेवलेलीं असतात, असा पुष्कळ मेकॅनिकांचाहि समज आहे. तो खरा नव्हे; भोंकें ओतकामाचीं आहेत. पण त्या समजामुळें त्यांना ‘फ्रॉस्ट प्लग’ हें नांव कायमचें चिकटलें. यांतलें एक टोपण काढून त्या जागीं विजेचा तापक बसविला म्हणजे तो थेट इंजिनाच्या पाण्यांत बुडून राहतो. पाणी तापून वर चढतें, गार पाणी खालीं येतें, आणि सावकाश सगळा ठोकळा कोमट होतो. नवीन पाणी भरतांना आंत हवेचा बुडबुडा राहूं नये एवढी काळजी मात्र घ्यावी लागते. उघडा पडलेला तापक, कोरड्या पातेल्यासारखा, जळून जातो. मोठ्या मालमोटारीचा तापक हजार ते दीड हजार वॉटचा असतो. तो रात्रभर चालू ठेवण्याची गरज नाहीं. घड्याळाची कळ लावून निघण्यापूर्वीं तीन-चार तास वीज सोडली कीं पुरे. म्हणजे चार-पांच युनिट विजेंत जें साधतें, त्यासाठीं पूर्वीं तीस लिटर तेल जळत असे.

या साधनानें उत्तरेकडील शहरांचें रूपहि थोडें बदललें. विनिपेग किंवा एडमंटन येथें मोटारीच्या पुढच्या जाळींतून शेपटीसारखी विजेची दोरी लोंबतांना दिसते, आणि मोटारतळावर ओळीनें खांब असून प्रत्येकावर वीज घेण्याची सोय असते. जणूं पागेंत घोडे बांधून ठेवले आहेत. सकाळच्या घाईंत दोरी न सोडतांच निघणारे विसरभोळे तेथें दरसाल कांहीं निघतातच. फेअरबँक्स शहरांत तर हवेंतील विषारी कार्बन मोनॉक्साइड कमी करण्याचा उपाय म्हणून मोटारी तापकास जोडून ठेवण्यास मुद्दाम उत्तेजन दिलें गेलें, कारण थंड इंजिन सुरू होतांनाच हा वायु सर्वांत अधिक सोडतें.

एक गोष्ट मात्र या तापकानें साधत नाहीं, आणि तिचा संबंध आपल्या देशाशीं आहे. डीझेल तेलांत मेणाचा अंश असतो. थंडी वाढली कीं तो कणाकणानें वेगळा होतो, तेल प्रथम गढूळ दिसतें, मग गाळणी तुंबते, आणि शेवटीं टाकींतच त्याचा गोळा होतो. तापक इंजिनाच्या ठोकळ्यास ऊब देतो. कांहीं हात मागें असलेल्या टाकीपर्यंत ती पोहोंचत नाहीं. लडाख आणि स्पिती या भागांत मालमोटारी हांकणाऱ्यांना दोन्ही संकटांशीं एकदमच गांठ पडते. सकाळीं टाकीखालीं स्टोव्ह किंवा चिंध्यांची आगटी पेटवावयाची आणि तेल पातळ होईपर्यंत तिच्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहत बसावयाचें, हा तेथील ड्रायव्हरांचा नेहमींचा परिपाठ. कांहीं जण डीझेलमध्यें रॉकेल मिसळीत. त्यानें तेल गोठत नसे, पण पंपाचें वंगण कमी पडून तो झिजे. नोव्हेंबर २०१९ मध्यें इंडियन ऑईल कंपनीनें पानिपतच्या कारखान्यांत तयार केलेलें, उणे ३३ अंशांपर्यंत ओततां येण्याजोगें हिवाळी डीझेल लडाखकडे पाठविण्यास आरंभ केला. टाकीखालच्या आगटीची गरज त्यामुळें पुष्कळ कमी झाली.

इंजिनाच्या ठोकळ्याचें काय? गांव आणि खांब यांपासून दूर मुक्काम पडला तर विजेचा तापक असून नसून सारखाच. त्यासाठीं मालमोटारीच्याच टाकींतलें थोडें तेल जाळून इंजिनाचें पाणी तापविणारी लहान भट्टी मिळते. तीस वीज अगदीं थोडी लागते आणि ती बॅटरींतून भागते. युरोपांत ती मालमोटारींवर सर्रास दिसते, परंतु तिची किंमत एकट्या मोटारीच्या धन्यास सहजासहजीं परवडण्यासारखी नाहीं. अशी भट्टी नसलेला ड्रायव्हर ज्या रात्रीं उंच घाटाच्या पायथ्याशीं अडकतो, त्या रात्रीं त्याचा क्लीनर अजूनहि दर दोन तासांनीं उठतो आणि इंजिन घटकाभर चालवून परत पांघरुणांत शिरतो.